डाव्या पायाला सुट्टी



पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘ट्रॅक्टर : एक चिंतन’ असं छापलंय. ते माझं नव्हे. मी फोनवर सांगितलं होतं, ‘एचएसटी ट्रॅक्टर कसा चालवायचा’. पण चिंतन नसलं तर व्याख्यानाला वजन येत नाही, असं वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना वाटलं असावं. तर चिंतनासाठी आलेल्यांची मी आधीच माफी मागतो. मी तीस वर्षं आयटीआयत ट्रॅक्टरचा ट्रेड शिकवला. मला चालवणं नि खोलणं एवढंच येतं.

आणि आमच्या शाळेतल्या गुरुजींना हे चाललं असतं. ते आम्हाला आठवीला विज्ञान शिकवायचे. पास्कलचा नियम फळ्यावर लिहून झाला की खिशातून काचेच्या दोन सिरिंजा काढायचे. दवाखान्यातून मागून आणलेल्या. मी आज तेच केलंय, फक्त सिरिंजा प्लॅस्टिकच्या आहेत. ही वीस मिलीची, ही पाचची, मधे सलाईनची नळी. पाण्यात जरा नीळ टाकलीय, मागच्यांना दिसावं म्हणून.

इथं कितीजणांनी ट्रॅक्टर चालवलाय? हात वर करा. निम्मा हॉल! आणि त्यांतल्या कितीजणांनी क्लच नसलेला चालवलाय? कोणी नाही? हां, मागं एक हात दिसतो. भाताचं हार्वेस्टर ना? बरोबर. इगतपुरीकडचे दिसता. तुम्ही एचएसटीच चालवलात. बाकीच्यांसाठी सांगतो. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन हे पूर्ण नाव. क्लच दाबायचा नाही, चालता चालता गिअर बदलायचे नाहीत. उजव्या पायाखाली एक पेडल. पुढं दाबलं की ट्रॅक्टर पुढं, मागं दाबलं की मागं, पाय उचलला की उभा. काही कंपन्या एकच लांब पेडल देतात, पुढच्या टोकाला चवड्यानं आणि मागच्या टोकाला टाचेनं दाबायचं. काही शेजारी-शेजारी दोन देतात. डाव्या पायाला कामच नाही.

मी तीन गोष्टी बोलणार आहे. हे यंत्र आतून काय करतं, त्यावर बसून आपण काय करायचं, आणि ते आपल्याकडं का आलं नाही. मधली लांबेल. चहा कुठं लावायचा ते संयोजकांनी बघावं.

आता पुढच्या रांगेतलं कोणी तरी इकडं ये. हां, तू ये. या लहान सिरिंजच्या दट्ट्यावर अंगठा घट्ट धर. मी मोठी दाबतो. अडवता येतंय ना? सहज अडतंय. सोड जरा. बघा, मोठी मी इतकीशी दाबली तर लहानीचा दट्ट्या सुर्रकन बाहेर. आता उलट करू. मी लहान दाबतो, तू मोठी अडव. अडव ना! नाही जमत. मी इथं बोटभर दाबली तरी तिकडं थोडीच सरकते, पण सरकते, आणि तुझं काही चालत नाही. जा बस, शाबास.

एवढं लक्षात ठेवा. मोठीनं लहानीला ढकललं की चाल वेगाची, जोर बेताचा. लहानीनं मोठीला ढकललं की चाल धिमी, पण जोर दांडगा. आता समजा, ढकलणारी सिरिंज चालू कामात लहान-मोठी करता आली, आणि तीही पायानं. झाला तुमचा एचएसटी.

हे लहान-मोठं कसं होतं? इंजिनाला एक पंप जोडलेला असतो. पंपात एक गोल ठोकळा. त्याला रिव्हॉल्व्हरच्या चेंबरसारखी भोकं, बहुधा सात किंवा नऊ, आणि प्रत्येक भोकात एक दट्ट्या. दट्ट्यांची पावलं एका चकतीवर टेकलेली. ठोकळा गरगर फिरतो, चकती जागेवर. चकती सरळ असली तर पावलं नुसती गोल घसरत राहतात. दट्टे आत-बाहेर होत नाहीत, तेल हलत नाही, ट्रॅक्टर उभा. आता चकती जरा तिरकी करा. देवळाची प्रदक्षिणेची वाट अर्धी चढ आणि अर्धी उतार झाली असं समजा. चढावर दट्ट्या आत ढकलला जातो, उतारावर बाहेर येतो. तेल वाहायला लागलं. चकती थोडी तिरकी, तर थोडं तेल. जास्त तिरकी, तर जास्त तेल. दुसऱ्या बाजूला तिरकी केली तर तेल उलट वाहतं आणि ट्रॅक्टर रिव्हर्स. तुमच्या पायाखालचं पेडल या चकतीला जोडलेलं आहे.

ते तेल जातं मोटरमध्ये. मोटर म्हणजे तसाच दुसरा ठोकळा, चकती मात्र कायमची तिरकी. तिथं तेल दट्ट्यांना ढकलतं आणि ठोकळा फिरतो. पुढं लो, मिडियम, हाय असा छोटा गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल, मग चाकं. तेल काम करून पंपाकडं परत. वाटेत थोडं झिरपतं, ते भरून काढायला एक छोटा पंप वेगळा. नवल वाटतंय? तुम्ही हे रस्त्यावर रोज बघता. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर येतो. येताना ड्रम एका अंगानं फिरत असतो, माल ढवळत. दारात आला की ड्रायव्हर एक दांडी सरकवतो, ड्रम थांबतो, उलटा फिरतो आणि काँक्रीट बाहेर. इंजिन तेच, त्याच दिशेनं फिरणारं. उलटली ती चकती.

आता चालवण्याकडं येतो. इथं मला माझी फजिती सांगावी लागेल.

माझी मुलगी-जावई ओहायोत असतात. घराभोवती पाच एकर. आपल्याकडं पाच एकरवाला बागाईतदार म्हणून मिरवतो. तिकडं पाच एकर म्हणजे घराला जरा मोकळी जागा. शेती नाहीच. गवत कापा, खडी ओढा, वाळकी झाडं हलवा, थंडीत बर्फ लोटा. त्यासाठी त्यांच्याकडं पंचवीस एचपीचा छोटा एचएसटी, पुढं लोडर लावलेला. जावई कॉम्प्युटरमधले. ते म्हणाले, ‘बाबा, एकदा दाखवू का कसा चालवायचा?’ मी म्हटलं, ‘जावईबापू, तुम्ही मला ट्रॅक्टर शिकवणार?’ ते हसले आणि बाजूला झाले. चांगल्या घरचे आहेत.

मी लोडरमध्ये खडी भरली आणि शेडमागच्या चढाला लागलो. रेस कमी ठेवलेली. उगाच डिझेल का जाळा? रेंज हाय, कारण रस्त्यानं तशीच आलो होतो. अर्ध्या चढावर इंजिन दबायला लागलं. ट्रॅक्टर दबला की आपण काय करतो? पाय दाबतो. मी दाबला. आणखी दबला. मी आणखी दाबला. पोटातून एक बारीक रडका आवाज आला आणि ट्रॅक्टर बंद. बंद पडून सावकाश मागं सरकायला लागला, बैल सोडलेली गाडी उतारावर सरकते तसा. डावा पाय क्लच शोधतोय, क्लच नाही. नशीब, ब्रेकवर पाय पडला. जावई खालून एवढंच म्हणाले, ‘बाबा, पाय कमी करायचा.’

पाय कमी करायचा! तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, चढाला रेस द्या. आणि हा माणूस सांगतो, पाय काढा. रात्री अंथरुणात पडल्यावर गुरुजींच्या सिरिंजा आठवल्या आणि कळलं की जावई बरोबर होते. पेडल पूर्ण दाबलं म्हणजे चकती पूर्ण तिरकी, म्हणजे मोठी सिरिंज. मोठी सिरिंज ढकलायला इंजिनाला जड, आणि चाकाला जोर बेताचा. पाय सैल सोडला की सिरिंज लहान होते. ट्रॅक्टर हळू होतो, पण ओढायला लागतो. मोटारसायकलच्या नि कारच्या सवयीनं आपण पायाखालच्या पेडलला रेस समजतो. इथं पायाखाली रेस नाही. इथं पायाखाली गिअर आहे. जास्त दाबलं म्हणजे तुम्ही वरचा गिअर टाकलात. चढावर कोणी वरचा गिअर टाकतं का? मी टाकत होतो, आणि वरून ट्रॅक्टरला नावं ठेवत होतो.

रेस कुठं मग? रेस हातात. बसल्यावर पट्टा लावायचा, पार्किंग ब्रेक ओढलेला, पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, बंद, रेंजची दांडी न्यूट्रलला, पेडलवरून पाय बाजूला. मग किल्ली. थंडीचे दिवस असतील तर इंजिनाला काही मिनिटं नुसतं चालू द्यायचं, कारण गार तेल घट्ट असतं आणि पंपाला ते पटकन ओढता येत नाही. मग रेंज निवडायची, ट्रॅक्टर उभा असतानाच. ओढकामाला लो, गवताला मिडियम, रस्त्याला हाय. चालता चालता रेंज बदलायची नाही. तो साधा गिअरबॉक्स आहे, दात झडतील. मग हातानं रेस चांगली वर, कामाइतकी, आणि ती तिथंच राहू द्यायची. पुढचं सगळं पायावर.

हे आपल्या हाडाला पटत नाही. ट्रॅक्टर उभा आहे आणि इंजिन मोठ्यानं ओरडतंय, याचा आपल्याला त्रास होतो. घरातलं कोणी तरी आतून म्हणतंच, डिझेल जळतंय. पण पंपाला फेरे लागतात. मंद इंजिनावर पेडल दाबणं म्हणजे दमलेल्या माणसाच्या डोक्यावर पोतं द्यायचं.

आणि कान उघडे ठेवायचे. एचएसटीचं अर्धं ड्रायव्हिंग कानानं होतं. दोन आवाज ओळखता आले पाहिजेत. इंजिनाचा आवाज खाली बसतोय, म्हणजे इंजिन दबतंय. पाय सैल करा. इंजिन मजेत चाललंय पण पोटातून शिट्टीसारखा, रडल्यासारखा आवाज येतोय आणि चाकं फिरत नाहीत, म्हणजे तेलाचा दाब हद्दीला पोचून रिलीफ वाल्व्ह उघडलाय. तेल काम न करता वळसा घालून चाललंय आणि नुसतं तापतंय. तेव्हाही पाय सैल करा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर थांबून लो टाका. तसंच रेटत राहिलात तर पंप भाजून निघेल. गिअरच्या ट्रॅक्टरला क्लच प्लेट जळल्याचा वास येतो. इथं वास यायच्या आधी आवाज येतो, एवढी त्याची माणुसकी.

उताराचं सांगतो. लो रेंज, पाय हळूहळू कमी. पाय कमी केला की तेलच चाकांना धरून ठेवतं, ब्रेकची फारशी गरज लागत नाही. मात्र उतारावर रेंज न्यूट्रलला आली, तर पंप-मोटर आणि चाकं यांचं नातं तुटलं. मग तुमच्याकडं ब्रेक सोडून काही नाही. उभा करताना पार्किंग ब्रेक ओढायचाच. तेल झिरपतं, आणि उतारावर सोडलेला ट्रॅक्टर इंचाइंचानं सरकत राहतो. मी पाहिलाय. बंद पडलेला ओढून न्यायचा असेल तर रेंज न्यूट्रलला, नाही तर चाकं मोटर फिरवतील, मोटर उलट पंप होईल, आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर.

लोडर असेल तर मागं वजन हवंच, आणि भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून चालायचं. डोक्यावरच्या कमानीचा नियम साधा आहे: कमान उभी असेल तर पट्टा बांधायचा, कमान पाडलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण पलटी झाला तर उडी मारता आली पाहिजे. स्वीडननं नव्या ट्रॅक्टरना ही कमान 1959 मध्ये सक्तीची केली. आपल्या द्राक्षबागेत मांडव आडवा येतो म्हणून आपण ती पाडतो, आणि मग बांधावरही पाडलेलीच ठेवतो. यावर मी अधिक बोलत नाही. या हॉलमध्ये ज्यांच्या घरी हे घडलंय ती मंडळी बसलीत.

तेलाचं एक. टायरात हवा भरतो तेव्हा जो दाब असतो, त्याच्या शंभरपटीच्या घरातला दाब या नळ्यांत कामाच्या वेळी असतो. नळीला बारीक चीर गेली तर बोटानं चाचपायचं नाही. ते तेल सुईसारखं कातडीतून आत जातं, आणि जखम दिसते मुंगी चावल्याएवढी. पुठ्ठा धरून बघायचं. आणि फिल्टर. पहिला फिल्टर पन्नास तासांच्या आसपास बदला असं पुस्तकात लिहिलेलं असतं, तेव्हा बदलायचा. नव्या धातूचा चुरा त्यात जमलेला असतो. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. कंपनी सांगेल तेच तेल. ‘आपल्या ड्रमातलं चालतं की’ हे वाक्य इथं महागात पडतं, कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत लिफ्टला आणि चालीला एकच तेल असतं.

चहा अजून नाही? बरं, मग तिसरा मुद्दा.

ही विद्या शेतीतली नव्हे. 1906 मध्ये अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ युद्धनौकेवर तोफा वळवायला तेलाची ही चाल बसवली होती. तोफेला धक्का न देता हळू वळवायचं, हवं तिथं थांबवायचं, उलट फिरवायचं. पेडलचं काम तेच. ट्रॅक्टरवर ती इंग्लंडातल्या सिल्सो इथल्या सरकारी संशोधन संस्थेनं 1954 मध्ये बसवून पाहिली. पुढं अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनं चक्क गॅस टर्बाइनचा ट्रॅक्टर एचएसटीवर चालवला. तो बाजारात आला नाही, पण स्मिथसोनियन संग्रहालयात गेला. 1967 मध्ये त्यांचा 656 हायड्रो आला. हा बाजारात आला आणि चालला.

आता गंमत ऐका. हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर 1963 मध्ये महिंद्रांबरोबर भागीदारीत मुंबईला आली. कांदिवलीच्या कारखान्यातून बी-275 बाहेर पडायला लागला. ज्यांच्या वडलांनी तो चालवलाय ते इथं असतील. एकच कंपनी, पण तिकडं तेलाची चाल आणि इकडं गिअरची. आणि आज? 1994 पासून महिंद्रांचं अमेरिकेत बस्तान आहे, आणि तिथं ते एचएसटी ट्रॅक्टर विकतात. माझ्या मुलीच्या शेजाऱ्याकडं आहे. लाल रंग बघून मला भरून आलं, मी जाऊन बॉनेटवर हात फिरवला. शेजारी घाबरला असावा.

मग आपल्याकडं का नाही? मी कंपन्यांना दोष देणार नाही. आपला ट्रॅक्टर बैलाची जागा भरायला आला. नांगर ओढायचा, उसाची ट्रॉली ओढायची, दिवसभर, दमून. आणि ओढण्यात एचएसटी कमी पडतो. इंजिनाच्या ताकदीतला बरा हिस्सा तेल तापवण्यात जातो. त्याच इंजिनाचा गिअरवाला तितक्याच डिझेलवर जास्त नांगरतो. शिवाय एचएसटीची किंमत चढी, आणि पंप बिघडला तर चावडीजवळच्या फिटरनं तो उघडावा असं यंत्र ते नव्हे. तिकडचा ट्रॅक्टर दिवसभर पुढं-मागं, पुढं-मागं करतो. लोडरनं ढीग हलवताना तासाला शंभरदा दिशा बदलते. तिथं क्लच म्हणजे गुडघ्याला शिक्षा. ज्याचं काम ओढायचं त्यानं गिअर घ्यावा, ज्याचं काम घुटमळायचं त्यानं एचएसटी. मला विचाराल तर भांडण एवढ्यातच मिटतं.

पण, आणि हा ‘पण’ तुमच्यासाठी आहे, द्राक्षबागेतलं काम कोणतं? ओढायचं की घुटमळायचं? ब्लोअरची फवारणी घ्या. ब्लोअरला पीटीओचे 540 फेरे कायम हवेत, नाही तर पंख्याची हवा पडते आणि औषध मांडवाच्या आत पोचत नाही. पण ट्रॅक्टर चालायला हवा हळू, ओळ संपली की आणखी हळू, वळून परत. गिअरच्या ट्रॅक्टरवर आपला पोरगा काय करतो? ओळीच्या टोकाला रेस कमी करतो. रेस कमी, की ब्लोअरही कमी. प्रत्येक ओळीचं शेवटचं झाड उपाशी, आणि डावणी रोगाची लागण पहिल्यांदा तिथंच दिसते. दिसते की नाही? माना हलताहेत. एचएसटीवर रेस तशीच, ब्लोअर तसाच, फक्त पाय सैल. आणि सरळ ओळीत क्रूझ लावला की वेग ठरलेला राहतो. ताशी चार किलोमीटरचा वेग नकळत पाच झाला तर वेलीला औषध पाचव्या हिश्श्यानं कमी मिळतं. टाकीत औषध मोजून घालणारा आणि वेग अंदाजानं धरणारा माणूस नक्की काय मोजतोय?

इगतपुरीच्या पाहुण्यांना विचारा. भाताच्या हार्वेस्टरवर पीक दाट लागलं की ते पाय किंवा दांडी जरा मागं घेतात, पण मळणीचा ड्रम त्याच वेगानं फिरत राहतो. बरोबर ना? त्यांनी यावर व्याख्यान ऐकलेलं नाही. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला ते कळलं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. एवढं सांगतो आणि बसतो.

ओहायोत चार महिने काढले. पहिले पंधरा दिवस माझा डावा पाय हवेत क्लच दाबत होता. जावई बघायचे, बोलायचे नाहीत. नंतर तो पाय फुटबोर्डवर नुसता पडून राहायला शिकला. चौथ्या महिन्यात मी खडी भरून त्याच चढावरून, लो रेंजला, पाय अर्धा ठेवून, इंजिन न दबता वर गेलो, आणि वर पोचल्यावर मागं वळून पाहिलं. जावई घरात मीटिंगला बसले होते. बघायला कोणी नव्हतं.

इकडं आल्यावर दुसऱ्याच दिवशी बागेत गेलो. ब्लोअर जोडलेला होता. मी चढलो, रेस वाढवली, आणि थेट गिअरच्या दांडीला हात घातला. खर्रर्र असा आवाज आला की शेजारच्या बागेतली माणसं उभी राहिली. आमच्याकडं वीस वर्षं ट्रॅक्टरवर असलेला गडी टाकीजवळ औषध कालवत होता. त्यानं मान वर केली, माझ्या डाव्या पायाकडं बघितलं, आणि म्हणाला, ‘भाऊ, उतरा खाली. तुमचा एक पाय तिकडंच राहिलाय.’